झाडाची हजेरी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या मंडईबाहेर थोडा वेळ उभे राहून पाहावे. आपट्याच्या नावाने फांद्यांचे भारेच्या भारे येऊन पडलेले असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा फांद्या आपट्याच्या नसतातच. त्या असतात कांचनाच्या. दोन्ही झाडे एकाच कुळातली, दोहोंचे पान मधोमध दुभंगलेले, त्यामुळे ही अदलाबदल खपून जाते. वास्तविक फरक ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. आपट्याचे पान लहान, जाडसर, हाताला किंचित खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे आणि त्या मानाने मऊ. पण पान हातात घेऊन चोळून पाहण्याची सवय कुणाला? सराफाच्या दुकानात मासाभर सोने दहा वेळा पारखून घेणारी आपण माणसे, या सोन्याच्या बाबतीत मात्र भलतीच उदार होतो!

मोठ्यांचे एक वेळ सोडून द्या. परंतु त्याच घरातल्या सहावी-सातवीतल्या मुलाला विचारा. ओझोनचा थर कशाने विरळ होतो, हरितगृह वायू कोणते, ध्रुवावरचे बर्फ का वितळते, हे तो घडाघडा सांगेल. उत्तरे बरोबरही असतील. मग त्याला खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचे नाव विचारा. तो एकदा झाडाकडे पाहील, एकदा आईकडे पाहील, आणि आई स्वयंपाकघरात काही तरी करपल्याची आठवण होऊन आत जाईल.

मी महाविद्यालयात मराठी शिकविते. झाडाझुडपांशी माझा संबंध कवितेपुरता, असे कुणी म्हटले तर मला राग येणार नाही. पण कवितेपुरता म्हणून तरी तो असावा लागतो ना! दोन वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात एका कवितेत पांगारा आला. पांगारा कुणी पाहिला आहे का, म्हणून विचारले, तर साठ जणांच्या वर्गात दोन हात वर झाले; दोन्ही कोकणातून आलेल्या मुलांचे. महिना माघ होता. आमच्या वर्गाच्या मागच्या कुंपणाला लागून एक पांगारा तेव्हा अंगावर एक पान न ठेवता लालभडक फुलला होता आणि त्यावर साळुंक्यांचा गोंधळ चालला होता. त्या गोंधळामुळे शिकवताना व्यत्यय येतो, अशी तक्रारही त्याच वर्गाने माझ्याकडे केलेली होती.

यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांना पर्यावरण शिकविलेच गेले नाही, असेही नाही. उलट पुष्कळ शिकविले गेले आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या निकालात सांगितले की, शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविला जावा. २००३ साली पुन्हा बजावले. हेतू उत्तमच होता. परंतु आपल्याकडे एखादा विषय सक्तीचा झाला की त्याचे क्रमाक्रमाने काय होते, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रथम पाठ्यपुस्तक निघते, पाठोपाठ मार्गदर्शक निघते, नंतर गुण ठरतात, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागतात. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी ‘आमच्या परिसरातील जलस्रोत’ या विषयावरचा प्रकल्प एका संध्याकाळी पुरा केला. त्यात नदीचे छायाचित्र फार सुरेख होते. मी विचारले, “कुठली रे ही नदी?” तो म्हणाला, “मावशी, ते नाही विचारत. रंगीत प्रिंटला गुण असतात.”

हाताने काम करीत शिकावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामला आर्यनायकम् पति-पत्नींनी ती वर्षानुवर्षे चालवून दाखविली. भाजीच्या वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना गणित, सूत कातताना भूगोल आणि अर्थशास्त्र, असा तो प्रकार. पुढे ती शाळा बंद पडली. पण २००५ साली सेवाग्रामच्याच आवारात ‘आनंद निकेतन’ या नावाने पुन्हा सुरू झाली आणि तिथली मुले आजही शेतात काम करतात. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व शेती मंत्री असताना त्यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला. आरंभ सगळे चांगलेच झाले. उत्सवाचा गुण असा की तो माणसांना एकत्र आणतो, आणि अवगुण असा की तो संपतो.

जुलैतला वनमहोत्सव कसा होतो ते आपण पाहिले आहे. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात. पाहुणे येतात, रोप हातात घेतात, छायाचित्र निघते, मुले टाळ्या वाजवितात. पुढच्या जुलैत पुन्हा तेच पाहुणे, तेच फलक आणि पुष्कळदा तेच खड्डे! मधल्या बारा महिन्यांत त्या रोपाचे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. रोपाची परीक्षा पावसात नसते, पहिल्या उन्हाळ्यात असते. आणि नेमक्या त्याच वेळी शाळेला मेची सुटी लागलेली असते.

शिवाय लावायचे काय आणि कुठे, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून काही दशकांपूर्वी तिथे गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. ते भराभर वाढते, जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून लावणाऱ्याला यश चटकन दिसते. परंतु त्या टेकड्यांवर मुळात विरळ, खुरटी झाडे आणि मोठाले गवताळ पट्टे होते. जमिनीवर घरटी करणारे चंडोलासारखे पक्षी त्या गवताच्या आधाराने राहत. गवत म्हणजे रिकामी जागा, ती भरून काढली पाहिजे, हा आपला समज त्या पक्ष्यांना महाग पडला. पाचशे रोपे लावल्याची बातमी वाचताना मला हल्ली पहिला प्रश्न पडतो तो हाच: तिथे आधी काय होते, ते कुणी पाहिले होते का?

आधी पाहणे आणि मग हात लावणे, हा क्रम ज्यांनी कटाक्षाने पाळला अशा एका शिक्षकांची हकीकत मला सांगायची आहे. ते माझ्या परिचयाचे आहेत; एका साध्या अनुदानित शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवितात. शाळेचे आवार लहान. त्यात सहा जुनी झाडे: दोन पर्जन्यवृक्ष, एक कडुनिंब, एक करंज, एक गुलमोहर आणि पाण्याच्या टाकीजवळ एक उंबर. सरांनी पहिल्या वर्षी एकही रोप लावले नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, “अहो, मग पर्यावरणाच्या तासाला तुम्ही करणार तरी काय?” सर म्हणाले, “हजेरी घेणार. झाडांची.”

वर्गाचे सहा गट केले. प्रत्येक गटाला एक झाड आणि एक दोनशे पानी वही. दर शुक्रवारी शेवटच्या तासाची पंधरा मिनिटे झाडाखाली जायचे आणि नोंद करायची. कोवळी पाने, जून पाने, पिकली पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकली फळे. प्रत्येकापुढे तीनच शब्दांपैकी एक लिहायचा: नाही, थोडे, पुष्कळ. शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रिकामी ओळ. बस्स!

ही पद्धत सरांच्या डोक्यातली नव्हे, हे ते स्वतःच सांगतात. ‘सीझनवॉच’ नावाचा एक उपक्रम आपल्या देशात चालतो. एक झाड निवडावे, दर आठवड्याला त्याची अशीच नोंद करावी आणि ती एका ठिकाणी पाठवावी. देशभरातून माणसे नोंदी पाठवितात, पण त्यांत सर्वांत मोठा वाटा आहे तो केरळातल्या शाळकरी मुलांचा. ‘मातृभूमी’ या मल्याळी वृत्तपत्राने शाळांसाठी जो ‘सीड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या आधाराने हे काम तिथल्या शाळाशाळांतून पोहोचले. केरळात बहावा हे राज्यपुष्प. एप्रिलच्या मध्यावर विषूचा सण येतो, आणि त्या पहाटे डोळे उघडताच जी मंगल आरास पाहायची असते तिच्यात बहाव्याची पिवळी फुले हवीतच. तो बहावा विषूच्या बराच आधी फुलून जातो, अशा नोंदी त्या मुलांच्या वह्यांतून येऊ लागल्या. आता एखाद्या वर्षी झाड लवकर फुलले म्हणून हवामान बदलले असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी वर्षांमागून वर्षांच्या नोंदी हव्यात. परंतु त्या नोंदी आज कुणी केल्या नाहीत तर पन्नास वर्षांनी त्या कुठून आणणार? बारा वर्षांच्या मुलाने केलेली नोंद शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडावी, असे काम शाळेत फार थोडे असते.

पुन्हा आपल्या सहा झाडांकडे येऊ. पहिले दोन महिने मुले कंटाळली. “सर, झाड तसंच आहे,” हा शेरा निरनिराळ्या अक्षरांत ओळीने सात-आठ वेळा आहे. मी वही पाहिली आहे. मग हळूहळू शेरे लांबू लागले. पर्जन्यवृक्षाच्या गटाला ढगाळ दुपारी पाने मिटलेली दिसली. करंजाच्या गटाला पानापानावर फोड आलेले दिसले आणि झाडाला देवी आल्या म्हणून ते घाबरून सरांकडे आले. ते फोड डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळिष्टक जातीच्या बारीक जिवांमुळे येतात आणि त्याने करंज मरत नाही, हे कळल्यावर गटाने सुटकेचा श्वास टाकला. शिशिरात कडुनिंब पिवळा पडून पाने गाळू लागला तेव्हा त्या गटातल्या एका मुलीने घरून आणलेले पाणी रोज त्याच्या मुळाशी ओतायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तांबूस पालवी फुटली. ती आपल्या पाण्याने फुटली असे तिला वाटले. सरांनी तिचा समज लगेच दूर केला नाही, हे मला आवडले.

सगळ्यांत मजा आली ती उंबराच्या गटाची. त्यांच्या वहीत फळे ‘पुष्कळ’ आणि फुले ‘नाही’, असे आठवड्यांमागून आठवडे लिहिलेले. फूल न येता फळ कसे येते, म्हणून मुले हटून बसली. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल झालात’ असे म्हणतो. हा वाक्प्रचार मी पंचवीस वर्षे शिकवीत आले आहे, वाक्यात उपयोग करा म्हणून गुण दिले आहेत. त्या मुलांनी एक कच्चा उंबर चाकूने उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. आत फुलेच फुले! शेकडो, दाटीवाटीने, भिंतीला चिकटलेली. आपण ज्याला फळ म्हणतो ते फुलांनी भरलेले बंद घर असते. त्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरते, तिथेच अंडी घालते, आणि त्या येण्याजाण्यात परागकण एका उंबरातून दुसऱ्या उंबरात जातात. ती माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर माशीला जन्माला यायला दुसरी जागा नाही. शेऱ्याच्या ओळीत त्या दिवशी लिहिले आहे: “उंबराचे फूल दिसत नाही हे खोटे आहे. आम्ही पाहिले. माशी पण पाहिली.” मराठीच्या उत्तरपत्रिकांत असले वाक्य मला आजवर मिळालेले नाही.

मारुती चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द मराठीला दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ते शब्द कोशात बोट फिरवून सापडलेले नव्हेत. वनखात्याच्या नोकरीत उभा जन्म रानात काढलेल्या माणसाला त्या घरट्यांखाली बसून ते सुचले. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले, तेही महिन्यामहिन्याला झाडे पाहत राहिल्यावाचून लिहिता आले नसते. झाडांबरोबर शब्दही जातात, ही माझी धास्ती आहे. मोहर, पालवी, पानगळ, आळे, वाफा, खोड, ढोली यांतले किती शब्द आपल्या घरात महिन्याभरात उच्चारले जातात, ते एकदा मोजून पाहा.

दुसऱ्या वर्षी सरांनी मुलांना रोपे लावू दिली. तीही अकराच. प्रत्येक रोपाला दोन मुले नेमली आणि मेच्या सुटीतल्या पाळ्या मार्चमध्येच ठरल्या. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, त्यात पाणी भरून वर कौलाचा तुकडा ठेवायचा. पाणी झिरपत राहते, चार-चार दिवस पुरते आणि मुळे पाण्याच्या मागे खोल जातात. ही युक्ती शाळेच्या शिपायांनी सांगितली. ते दुष्काळी भागातले. मडक्यांसाठी पाणी कुठून, यावरून पावसाचे गणित निघाले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. मुलांनी दोरीने शाळेची गच्ची मोजली: वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या एका दमदार सरीत त्या गच्चीवर बारा हजार लिटर पाणी पडून गटारात जाते! उन्हाळ्यात शाळेत दहा हजार लिटरचा टँकर पैसे देऊन येतो, हे मुलांना ठाऊक होते. त्यांनी तो हिशेब फळ्यावर लिहून ठेवला आणि तो कुणी पुसू नये म्हणून खाली मोठ्या अक्षरांत तसे बजावले. संस्थेच्या एका सभासदांच्या नजरेस तो पडला, म्हणून पुढच्या पावसाळ्यात गच्चीचा एक नळ तरी टाकीत सोडला गेला.

अकरांपैकी आठ रोपे जगली. एक शेळीने खाल्ले, एक रोज बादलीभर पाणी घालून कुजविले गेले, आणि एक का मेले ते शेवटपर्यंत कळले नाही. सरांनी तिन्ही रोपांच्या मृत्यूची रीतसर नोंद करायला लावली: तारीख, वय, कारण. तिसऱ्यापुढे ‘कारण अज्ञात’ असे आहे.

पालकांचा विरोध झालाच. एक गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, “सर, माझ्या मुलानं माती उपसायला शिकावं म्हणून मी एवढी फी भरत नाही. शिकवणीला जायचं तर गणवेश हा असा! नखं पाहा त्याची.” सर म्हणाले, “नखं मीच कापायला सांगतो. पण एक करा, शुक्रवारी दहा मिनिटं आधी या आणि त्याच्या झाडाखाली उभे राहा.” गृहस्थ आले नाहीत. त्यांची पत्नी आली आणि दुसऱ्याही शुक्रवारी आली. माझ्या मते विरोध करणाऱ्या पालकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. दहावीचे गुण, प्रवेश, स्पर्धा ही काही कल्पनेतली भुते नव्हेत. परंतु आठवड्याची पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे आपल्या घरातल्या मोबाइलच्या पडद्याला विचारावे. मातीचे भय मात्र मला खरोखरच कळत नाही. आपल्या आया दारची पोतेरी करीत, शेणाने अंगण सारवीत, आणि त्याच हातांनी आपली वेणी घालीत.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या शाळेवर जरा कठीण प्रसंग आला. वाहने उभी करायला जागा हवी म्हणून आवारात सिमेंटचे ठोकळे बसवायचे ठरले. झाडांच्या बुंध्यापर्यंत ठोकळे भिडले की मुळांना ना हवा मिळते ना पाणी, हे मुलांना आता तोंडपाठ नव्हे तर ठाऊक होते. सहाही गट आपापल्या वह्या घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. भाषण कुणी केले नाही. उंबराच्या गटाने वही उघडून टेबलावर ठेवली आणि गांधीलमाशीचे पान दाखविले. बाईंनी वह्या दोन दिवस ठेवून घेतल्या, संस्थेच्या बैठकीत नेल्या. पाच झाडांभोवती सव्वा-सव्वा मीटर माती मोकळी सोडायची, असे ठरले. करंज मात्र फाटकाच्या वाटेत येत होता. रीतसर परवानगी काढून तो तोडण्यात आला.

करंजाच्या वहीत त्या शुक्रवारी सगळ्या रकान्यांतून ‘नाही’ लिहिलेले आहे. शेऱ्याची ओळ कोरी आहे.

जूनमध्ये सरांनी त्या गटातल्या आठ मुलांना इतर गटांत वाटून घ्यायचे ठरविले, तर ती तयार होईनात. त्यांना आपलेच झाड हवे होते. शेवटी त्यांनी फाटकाबाहेर, पदपथावर महापालिकेने कधी तरी लावलेली एक सातवीण निवडली. तिच्या खोडाला जाहिरातींचे खिळे ठोकलेले होते. पकड आणून मुलांनी एकेक उपसला, सतरा निघाले. बुंध्याला आवळलेली लोखंडी जाळी खोडात रुतली होती. ती महापालिकेला अर्ज करून कापून घेतली. अर्जाचा मसुदा माझ्याकडून तपासून नेला होता, म्हणून मला हे ठाऊक. परवा दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीची शेवटची नोंद मी पाहिली. कोवळी पाने थोडी, जून पाने पुष्कळ, कळ्या पुष्कळ, फुले पुष्कळ. शेरा: “संध्याकाळी इतका वास येतो की डोके दुखते. पानवाल्या काकांनी सुटीत लक्ष ठेवायचे कबूल केले आहे.”